डोंगराने ढकललेलं जहाज

बालीला जाणारा मराठी पर्यटक उबुडची पायऱ्यापायऱ्यांची भातशेती बघतो, तनाह लोटच्या देवळामागे मावळणाऱ्या सूर्याचे फोटो काढतो, कुटाच्या बाजारात घासाघीस करतो आणि परततो. बेटाच्या ईशान्य कोपऱ्याकडे तो सहसा वळत नाही. वळण्यासारखं तिथे वरवर काही नाहीही. विमानतळापासून गाडीने अडीच-तीन तास लागतात. वाटेतली हिरवी खाचरं हळूहळू मागे पडतात, आगुंग पर्वत डाव्या अंगाला येतो आणि त्याच्या पावसाआडच्या बाजूला रुक्ष मुलूख सुरू होतो: काळी जमीन, ताडाची झाडं, कोरडे ओढे. मग तुलांबेन येतं. कारंगासेम जिल्ह्यातलं रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पसरलेलं छोटं गाव. किनाऱ्यावर मऊ वाळू नाही, काळे गुळगुळीत गोटे आहेत, आणि त्यांच्यावरून अनवाणी चालताना तोंडातून निघणारे शब्द कुठल्याही भाषेत छापण्यासारखे नसतात.

तरीही उजाडायच्या आत इथे टॉर्च हलताना दिसतात. कारण या गोट्यांपासून तीस-चाळीस मीटर अंतरावर, पाण्याखाली, सुमारे सव्वाशे मीटर लांबीचं एक जहाज कुशीवर पडलेलं आहे. त्याचा सर्वांत वरचा भाग पाण्याच्या पृष्ठभागापासून फक्त पाचेक मीटर खाली आहे आणि सर्वांत खालचा तीस मीटरच्या आसपास. बुडालेली जहाजं बघायची तर बहुतेक ठिकाणी बोटीने दूर समुद्रात जावं लागतं, मग दोराच्या आधाराने खोल उतरावं लागतं, आणि तेवढ्याने अर्धी हवा आणि अर्धा धीर संपतो. इथे किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं आणि पोहत जहाजापाशी पोहोचायचं. त्यामुळेच नुकतंच डायव्हिंग शिकलेला माणूस आणि त्यात आयुष्य घालवलेला माणूस, दोघंही एकाच पाण्यात भेटतात.

जहाजाचं नाव 'लिबर्टी'. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाऊक प्रमाणात बांधलेली 'लिबर्टी' वर्गातली मालवाहू जहाजं प्रसिद्ध आहेत. त्यांतलंच हे एक असावं, असा समज तुलांबेनला येणाऱ्या अनेकांचा असतो. पण हे जहाज त्यांच्याहून एक पिढी जुनं. ते १९१८ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या कर्नीच्या गोदीत बांधलं गेलं. जानेवारी १९४२ मध्ये ते अमेरिकी लष्कराचा माल घेऊन ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे निघालं होतं. पोटात रेल्वेचे भाग आणि रबर होतं. ११ जानेवारीला, बाली आणि लोंबोक या बेटांमधल्या सामुद्रधुनीजवळ, एका जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. ही पाणबुडी पुढे आय-१६६ या क्रमांकाने ओळखली गेली आणि १९४४ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत एका ब्रिटिश पाणबुडीने तिलाही बुडवलं.

'लिबर्टी' मात्र लगेच बुडालं नाही. अमेरिकेची 'पॉल जोन्स' आणि डचांची 'व्हान घेंट' या विनाशिकांनी त्याला दोर लावले आणि बालीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगाराजा बंदराकडे ओढायला सुरुवात केली. पण आत पाणी भरतच गेलं. बंदर गाठता येणार नाही हे दिसल्यावर, निदान माल तरी हाती लागावा म्हणून जहाज तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं गेलं. पुढे काही आठवड्यांतच बाली जपान्यांच्या हातात गेलं. युद्ध संपलं, डचांची सत्ता गेली, इंडोनेशिया स्वतंत्र झाला आणि जहाज किनाऱ्यावर गंजत पडून राहिलं. माल उतरवला गेला, काढण्यासारखे भाग लोकांनी काढून नेले. आणखी काही वर्षं तसंच राहिलं असतं तर त्याचे तुकडे करून भंगारात विकले गेले असते, यात शंका नाही.

१९६३ च्या फेब्रुवारीत आगुंग जागा झाला. १७ मार्चला मोठा उद्रेक झाला. तप्त वायू, राख आणि चिखलाचे लोट उतारांवरून खाली आले आणि हजाराहून अधिक माणसं मेली. बालीतल्या हिंदूंचं सर्वांत मोठं देऊळ, बेसाकिह, याच पर्वताच्या अंगावर आहे. शतकातून एकदा करायचा अकरा रुद्रांचा महाविधी नेमका त्याच महिन्यांत तिथे चालू होता. लाव्हा देवळाच्या बाजूने गेला आणि देऊळ वाचलं. या घटनेचा अर्थ काय, यावर बालीतले लोक आजही बोलतात. पर्वताच्या ईशान्य अंगाची गावं मात्र वाचली नाहीत. तुलांबेनच्या परिसरात राख आणि दगडांखाली जमिनी गेल्या. त्याच उलथापालथीत, उद्रेकाबरोबर आलेल्या हादऱ्यांनी किनाऱ्यावरचं जहाज घसरलं आणि पाण्यात जाऊन काळ्या वाळूच्या उतारावर आडवं झालं.

त्या वर्षी तुलांबेनमधल्या कोणालाही हा फायद्याचा व्यवहार वाटला नसेल. पण आज गावात फिरलं की दिसणारं जवळजवळ प्रत्येक दुकान, खोल्या भाड्याने देणारं घर, खानावळ, टाक्यांमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर, हे सगळं त्या जहाजावर चालतं. शेती पिकेना, पाऊस पडेना, मासेमारी बेताची, अशा गावाला डोंगराने ज्या वर्षी उघडं केलं त्याच वर्षी पुढच्या पिढ्यांची सोयही करून ठेवली. याला न्याय म्हणायचं की योगायोग, ते ज्याचं त्याने ठरवावं.

या व्यवहारात गावाचा वाटा कसा राखला गेला आहे, हे पाण्यात उतरण्याआधीच दिसतं. गाडी थांबली की डायव्हरने आपली टाकी उचलायची नसते. ते काम गावातल्या माणसांचं, त्यातही बायकांचं. भरलेली टाकी सोळा-सतरा किलोची असते, त्यावर जाकीट आणि नळ्या बांधलेल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आडवी टाकी, कधी दुसरी टाकी खांद्यावर, पायांत साध्या रबरी चपला, आणि ज्या गोट्यांवर आपण दोन्ही हात पसरून तोल सांभाळत असतो त्यांच्यावरून या बायका गप्पा मारत पुढे निघून जातात. गावच्या संघटनेमार्फत हे काम चालतं. डायव्हिंगची मोठी दुकानं बाहेरच्यांची, परदेशी भांडवलाचीही आहेत. पण टाकी किनाऱ्यापर्यंत नेण्याची मजुरी गावातच राहते.

पाण्यात शिरण्याची एक रीत आहे. गोट्यांवर लाटा फुटत असतात, त्यामुळे गुडघाभर पाण्यात थांबून लाट ओळखायची, दोन लाटांच्या मधल्या उसंतीत पुढे सरायचं, कमरेएवढ्या पाण्यात आल्यावर फिन्स चढवायच्या. एकदा डोकं पाण्याखाली गेलं की वरचा गोंधळ थांबतो. समोर काळ्या वाळूचा उतार असतो आणि त्या वाळूतून शेकडो बारीक वाम माशांच्या माना बाहेर आलेल्या असतात. शेपूट बिळात, तोंड प्रवाहाकडे, वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपत त्या डोलत असतात. आपण चार-पाच मीटरवर आलो की पुढच्या रांगा आत जातात, मागच्या तशाच डोलत राहतात. मग उताराच्या कडेने एक काळसर आकार गडद होत जातो आणि काही क्षणांत आपण जहाजाच्या मागच्या भागापाशी असतो.

पहिल्या नजरेत त्यात जहाज शोधावं लागतं. साठ वर्षांत लोखंडावर इतकं काही वाढलंय की सरळ रेघ म्हणून उरलेली नाही. डेकची बाजू खोल समुद्राकडे वळलेली आहे, पत्रे ठिकठिकाणी गळून पडलेत, आणि उघड्या पडलेल्या लोखंडी फासळ्यांमधून वरचा उजेड पट्ट्यापट्ट्यांनी आत येतो. मालाच्या कोठारांतून आरपार पोहत जाता येतं. डोक्यावर छत आणि दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या बंद जागा आता फारशा उरलेल्या नाहीत. तरीही जिथे वर सरळ जाता येत नाही अशा पोकळीत वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय शिरायचं नाही, हा नियम इथेही लागू आहे. गंजलेला पत्रा कधी सुटेल याचा भरवसा नसतो.

खोलीचं गणित इथे चांगलं कळतं. समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो. पृष्ठभागावर एक वातावरण, दहा मीटरवर दोन, तीस मीटरवर चार. टाकीतून येणारी हवा आजूबाजूच्या दाबाचीच असते, म्हणून तीस मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या चौपट हवा खर्च होते. शिवाय दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळत जातो. घाईने वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोष्टकाप्रमाणे पहिल्या डुबकीत अठरा मीटरवर छप्पन्न मिनिटं राहता येतं, तीस मीटरवर फक्त वीस. म्हणून डुबकीचा खोल भाग आधी उरकायचा, मग उताराने हळूहळू वर यायचं आणि शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. बहुतेक ठिकाणी ती तीन मिनिटं निळ्या पोकळीत घड्याळाकडे बघत काढावी लागतात. 'लिबर्टी'ची ठेवण अशी, की ती तीन मिनिटं जहाजाच्या माथ्यावरची प्रवाळं बघण्यातच जातात.

रंगांचंही तसंच. पाणी तांबडा रंग सर्वांत आधी शोषतं. पाच-दहा मीटरवरच तो फिका होतो आणि खाली सगळं निळसर-राखाडी दिसायला लागतं. टॉर्च लावला की मघाशी मळकट वाटलेला पत्रा एकदम शेंदरी, पिवळा, जांभळा होतो. हे रंग मऊ प्रवाळांचे आणि स्पंजांचे. माणसापेक्षा रुंद पिंपासारखे स्पंज, हातभर पसरलेले समुद्रपंखे, कठीण प्रवाळांच्या फांद्या आणि गोळे. आणि हे सगळं अशा उतारावर, जिथे आजूबाजूला दूरवर फक्त वाळू आहे.

याचं कारण प्रवाळाच्या जन्मात आहे. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याची अळी काही दिवस पाण्यात तरंगते आणि मग तिला पक्की जागा लागते. हलत्या वाळूवर ती टिकत नाही. एकदा चिकटली की ती स्वतःभोवती चुनखडीचं घर बांधते, स्वतःची विभागणी करत वसाहत वाढवते. तिच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शेवाळं सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. म्हणून बांधणारी प्रवाळं उथळ, उजेडाच्या पाण्यात फोफावतात. फांद्यांची प्रवाळं वर्षाला दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात, गोळ्यांसारखी भरीव प्रवाळं मात्र सेंटिमीटरभरच. तुलांबेनच्या काळ्या उतारावर अळ्या येत होत्याच, त्यांना घट्ट जागा नव्हती. १९६३ मध्ये ती एकदम सव्वाशे मीटर मिळाली, तीही उजेडाच्या टप्प्यात आणि भरपूर अन्न वाहून आणणाऱ्या प्रवाहाच्या कडेला.

प्रवाह हा या बेटाचा खरा मालक आहे. प्रशांत महासागराचं पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंदी महासागरात उतरतं, आणि त्याच्या मोठ्या वाटांपैकी एक म्हणजे बाली आणि लोंबोकमधली हीच सामुद्रधुनी. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५६ मध्ये बालीहून लोंबोकला गेला तेव्हा एवढ्याशा अंतरात पक्षी बदललेले बघून चकित झाला. पश्चिमेला आशियाचे पक्षी, पूर्वेला ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवे. त्याच्या नावाने ओळखली जाणारी सीमारेषा याच पाण्यातून जाते. पक्ष्यांना अडवणारं हे पाणी समुद्री जीवांना मात्र वाहून आणतं. फिलिपिन्स, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी ते सॉलोमन बेटं या 'प्रवाळ त्रिकोणा'त जगातल्या ज्ञात बांधणाऱ्या प्रवाळांपैकी तीन चतुर्थांश जाती आहेत, आणि बाली त्या त्रिकोणाच्या नैर्ऋत्य कडेला आहे.

जहाजावर जायची खरी वेळ पहाटेची. बोडख्या कपाळाचे टेंगूळवाले पोपटमासे रात्री जहाजाच्या पोकळ्यांत झोपतात आणि उजाडताना कळपाने बाहेर पडतात. हा पोपटमाशांतला सर्वांत मोठा: सव्वा मीटरपर्यंत लांब, चाळीस किलोंहून जड. दात चोचीसारखे जोडलेले, आणि त्यांनी तो प्रवाळ चक्क फोडून खातो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगाने जातो, त्यामुळे तो कुठून येतो हे कळत नाही. कळप नजरेत यायच्या आधीच कुणीतरी कानाशी बसून चणे-फुटाणे चावत असल्यासारखं ऐकू येतं. एक मोठा मासा वर्षाला पाच टनांहून अधिक चुनखडी खातो, असं संशोधकांनी मोजलं आहे. दळलेली चुनखडी वाळू होऊन बाहेर पडते. कित्येक बेटांच्या पांढऱ्या शुभ्र किनाऱ्यांचा मोठा भाग पोपटमाशांच्या पोटातून आलेला आहे, ही माहिती मधुचंद्राच्या जाहिरातींत सहसा नसते.

उजेड वाढला की ट्रेव्हली माशांचा थवा जहाजाजवळ गोल फिरताना दिसतो. चांदीच्या शेकडो माशांची भिंत वळते आणि डायव्हर आत गेला तरी मोडत नाही, फक्त जागा करून देते. नीट बघितलं तर फासळीखाली एखादा मोठा बॅराकुडा स्थिर उभा असतो, पंखांवर पट्टे मिरवणारे लायनफिश असतात, समुद्रफुलात घर केलेले विदूषक मासे असतात. विदूषक माशांच्या घरातली मादी मेली की मुख्य नर स्वतः मादी होतो. नऊनंतर मात्र दक्षिणेतल्या हॉटेलांतून निघालेल्या गाड्या पोहोचतात आणि जहाजावर माशांपेक्षा फिन्स जास्त दिसायला लागतात. म्हणून एका दिवसात धावतपळत येण्यापेक्षा रात्री गावातच मुक्काम करावा. दिवसाच्या गर्दीच्या वेळी पूर्वेकडच्या 'ड्रॉप-ऑफ'ला जावं. लाव्ह्याच्या प्रवाहाने घडलेला हा कडा खोल समुद्रात उतरतो. तिथल्या मोठ्या समुद्रपंख्यांवर दोन सेंटिमीटरांचे बुटके समुद्रघोडे असतात, रंगाने आणि अंगावरच्या पुटकुळ्यांनी यजमानाशी इतके मिळतेजुळते, की गाइडने काडीने दाखवूनही आपण काडीच बघत राहतो.

तुलांबेनहून थोडं दक्षिणेला आमेदचा किनारा आहे. ताडामाडाचं खोड पोखरून केलेल्या डोण्यांत समुद्राचं पाणी सुकवून मीठ करण्याची इथली जुनी रीत अजून काही ठिकाणी बघायला मिळते. त्याच्या पुढे बान्युनिंगला, किनाऱ्यालगतच, 'जपानी जहाज' म्हणून ओळखलं जाणारं एक छोटं जहाज आहे. ते इतकं उथळ आहे की टाकीशिवाय, फक्त मास्क आणि नळी लावून पोहणाऱ्यालाही दिसतं. ज्यांना डायव्हिंग करायचं नाही किंवा डॉक्टरांनी करू नका म्हटलंय, त्यांनी इथे जावं.

याच्या अगदी उलट स्वभाव नुसा पेनिडाचा. बालीच्या आग्नेयेला, थेट सामुद्रधुनीच्या तोंडावर हे बेट आहे. जुलै ते ऑक्टोबरमध्ये खोल, थंड पाणी वर येतं आणि तुलांबेनला अठ्ठावीस अंश असलेलं तापमान इथे कधीकधी वीसच्याही खाली जातं. या थंड पाण्याबरोबर 'मोला मोला' येतो. टनाहून अधिक वजनाचा, शेपूट कापून टाकल्यासारखा दिसणारा हा मासा अंगावरचे परजीवी लहान माशांकडून साफ करून घ्यायला कड्याशी येऊन थांबतो. पण इथले प्रवाह डायव्हरला खाली ओढू शकतात. शिकाऊ माणसाने पेनिडाच्या मोलासाठी घाई करू नये, आणि गाइडने 'आज नाही' म्हटलं तर वाद घालू नये.

आता एक अडचणीचा प्रश्न. जहाज बुडालं की त्याची प्रवाळभिंत होतेच का? नाही. प्रशांत महासागरातल्या पाल्मायरा या कंकणद्वीपावर १९९१ मध्ये एक मासेमारी जहाज अडकलं. तिथल्या चुनखडीच्या पाण्यात लोह नगण्य होतं. गंजणाऱ्या जहाजातून ते मिळाल्यावर प्रवाळाचा एक नातेवाईक इतका माजला की त्याने आजूबाजूची खरी प्रवाळं झाकून टाकली. शेवटी जहाज तोडून उचलून न्यावं लागलं. तुलांबेनची वाळू मुळात ज्वालामुखीची, लोहाने भरलेली, त्यामुळे थोड्या जास्त लोखंडाने इथे मोठी उलथापालथ झाली नाही. अमेरिकेतल्या फ्लॉरिडाजवळ तर १९७० च्या दशकात, मासे येतील म्हणून, वीस लाखांवर जुने टायर मुद्दाम समुद्रात टाकले गेले. बांधलेले दोर तुटले, टायर वादळांत सुटले आणि जवळच्या नैसर्गिक प्रवाळांवर आपटत राहिले. ते बाहेर काढण्याचं काम अनेक वर्षं चाललं. बुडवलेली वस्तू चांगली की वाईट, हे तिच्याइतकंच तिच्या खालच्या तळावर आणि भोवतालच्या पाण्यावर अवलंबून असतं.

बालीनेही हे कष्टाने शिकलं आहे. बेटाच्या वायव्येला पेमुतेरान नावाचं गाव आहे. तिथे १९९० च्या दशकात सुरुंग आणि सायनाइड वापरून केलेली मासेमारी आणि १९९८ चं समुद्र तापणं यांमुळे प्रवाळं पार उद्ध्वस्त झाली. २००० साली तिथे वास्तुविशारद वोल्फ हिल्बर्ट्झ आणि प्रवाळतज्ज्ञ टॉमस गोरो यांच्या पद्धतीने पाण्याखाली लोखंडी सांगाडे उभारले गेले. त्यांतून सौम्य वीज सोडली की समुद्रातलं चुनखडीसारखं द्रव्य लोखंडावर जमतं, आणि त्यावर बांधलेले प्रवाळाचे तुकडे रुजतात. गावकऱ्यांनी स्वतःचे सागरी पहारेकरी नेमले. २०१२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. मला सांगाड्यांपेक्षा पहारेकरी महत्त्वाचे वाटतात. वीज थांबली तरी जगलेली प्रवाळं उरतात, पण सुरुंग पुन्हा सुरू झाले तर काहीच उरत नाही. आणि पहारेकऱ्यालाही थोपवता येणार नाही असं संकट म्हणजे तापणारं पाणी. सहन होईल त्यापेक्षा अंश-दीड अंश जास्त काही आठवडे राहिलं की प्रवाळ आपल्यातली शेवाळं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं असं व्यापक विरंजन चालू असल्याचं जाहीर केलं.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. डिसेंबर ते मार्चच्या पावसात किनाऱ्यावर लाटा मोठ्या असतात आणि पाणी गढूळ. एप्रिल-मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने चांगले. पहिल्या पातळीच्या परवान्यावर अठरा मीटरपर्यंत जाता येतं, पुढच्यावर तीसपर्यंत. 'लिबर्टी'चा बराचसा भाग पहिल्या परवान्यातही बसतो. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया असं काही असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि प्रवासविम्यात डायव्हिंग धरलं आहे का ते छापील मजकुरात बघावं. सलग काही दिवस डुबक्या मारल्यावर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास जाऊ द्यावेत. हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण दुपारी डायव्हिंग संपवून संध्याकाळी किंतामानीच्या उंच कड्यावर ज्वालामुखी बघायला जाणंही त्याच कारणासाठी टाळायला हवं, हे विसरलं जातं. शाकाहारी लोकांनी 'सांबल' चटणीत सुकवलेल्या कोलमीचा 'तरासी' असतो हे लक्षात ठेवून आधीच सांगावं. टेंपे आणि भात सगळीकडे मिळतो. आणि तारखा ठरवताना 'न्येपी' बघून घ्यावा. बालीत शक संवत्सराचं नवं वर्ष मौनाने सुरू होतं: दिवसभर विमानतळ बंद, रस्ते बंद, दिवे मालवलेले, समुद्रात जाणं तर सोडाच. तो काही वर्षी आपल्या पाडव्याच्या दिवशीच येतो. २०२३ मध्ये शके १९४५ दोन्हीकडे २२ मार्चलाच लागलं, आपल्याकडे ढोल-ताशांत, तिथे चिडीचूप.

हे सगळं आपल्याला लांबचं वाटायचं कारण नाही. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहे आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्यही आहे. पोलंडमध्ये बांधलेली, १९८५ मध्ये भारतीय नौदलात आलेली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही सुमारे ८४ मीटर लांबीची युद्धनौका २०२५ मध्ये या महामंडळाकडे सोपवण्यात आली. निवतीजवळ ती समुद्रतळावर बसवून पर्यटकांसाठी खुली करण्याची योजना आहे. 'लिबर्टी'सारखं काही आपल्या दारात होणार, याचा आनंद आहेच.

पण तुलांबेनला कोणी योजना आखली नव्हती. जहाज एकवीस वर्षं उघड्यावर रिकामं होत गेलं, डोंगराने जागा निवडली, प्रवाहाने बाकीचं केलं. सिंधुदुर्गात हे प्रत्येक काम माणसांना करावं लागेल: तेल, रंग आणि विषारी पदार्थ शेवटच्या थेंबापर्यंत काढणं, पावसाळ्यात जहाज हलणार नाही असा तळ निवडणं, बोटींनी प्रवाळावर नांगर टाकू नयेत म्हणून कायमचे बोये बांधणं, एका वेळी किती जण उतरतील ते ठरवणं. कोकणातलं पाणी बालीइतकं स्वच्छ नाही, म्हणून तिथे प्रवाळांआधी मासे आणि शिंपले येतील, हेही पर्यटकांना खरं सांगणं. आणि निवती, भोगवे, मालवणच्या मच्छीमारांना या जहाजात नुसती नोकरी नव्हे, तर हुकूमत असणं. तुलांबेनमध्ये टाकी उचलणारी बाई ही पर्यटनाची शोभा नाही. जहाजाला जपण्यात तिचा आणि तिच्या गावाचा रोजचा फायदा आहे, आणि म्हणूनच ते जपलं गेलं आहे. 'गुलदार' खाली जाण्याआधी कोकणातल्या गावांचा असा वाटा कागदावर ठरला, तर पुढचं काम समुद्र त्याच्या वेगाने करेल.